तिसरी खाच

जहांगीरचा अंदाज सगळ्या भोरला ठाऊक होता. बोकडाच्या पाठीवर तो नुसता तळवा ठेवायचा, बोटं कण्यावरून एकदा मागे न्यायचा आणि सांगायचा, “अठ्ठावीस.” काट्यावर चढवलं की अठ्ठावीसच भरायचं, फार तर पाव किलो इकडेतिकडे. खव्याची पाटी नुसती उचलून तो वजन सांगे. आभाळाकडे एकदा मान वर केली की ताडपत्री घ्यायची का नाही, ते ठरलेलं असे. त्याच्या वडिलांचाही असाच लौकिक होता, पण ते बोलल्यावर खात्रीला म्हणून काटा काढत. जहांगीरनं तो काटा माळ्यावर टाकला त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. मोजणं, विचारणं, दुसऱ्याकडून खातरजमा करून घेणं ही त्याच्या लेखी नवख्यांची कामं.

वय बेचाळीस. बाजारामागच्या आळीत दोन खोल्या आणि दारात पांढरी पिकअप. रविवारी पालीला राजगड चढायला आलेली पुण्याची पोरं तो हायवेला सोडायचा, पण त्याचं खरं काम वेल्ह्याच्या पुढच्या डोंगरातलं. तिथं एका पठाराच्या कडेला धनगरांची अकरा घरं होती. आठवड्यातून एकदा तो वर जाई. येताना खवा, तूप आणि विकायची करडं आणी, जाताना पेंड, मीठ, ज्वारी, कुणाची औषधं, कुणाच्या पोरीची वह्या-पुस्तकं. त्याचे वडील ही वाट पायी चढायचे. वाड्यावरची म्हातारी माणसं अजून त्यांची आठवण काढत आणि जहांगीरला “जांगीर” म्हणत. तो धाकटाच राहिला होता त्यांच्यासाठी.

कच्चा रस्ता वाड्याच्या खाली एका रायवळ आंब्यापाशी संपायचा. तिथून वर शंभर-सव्वाशे पावलांची चढण, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला ओघळ. आंब्यापासून वर सगळं डोक्यावरून जायचं. पोतं जायचं, आजारी माणूसही पाठीवरून खाली यायचं. नवऱ्या मुली सासरी जाताना चपला हातात घेऊन उतरायच्या, सून म्हणून आलेल्या तशाच चढायच्या.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस वाड्यावरचा बाजीनाना भोरला जहांगीरच्या दारात आला. सत्तरी ओलांडलेला, डोक्याला तांबडं पागोटं, हातात काठी. बायकोनं, रुकसानानं, चहा ठेवला तोवर म्हातारा पिकअपच्या मागे जाऊन उकिडवा बसला होता. त्यानं काठी दोन्ही मागच्या चाकांना लावून आडवी धरली, एक डोळा मिटला आणि कमरेची सुरी काढून काठीवर दोन खाचा पाडल्या. एक डाव्या टायरच्या मधोमध, एक उजव्याच्या.

जहांगीरला हसू आलं. “काय नाना, सदरा शिवताय का गाडीला?”

“व्हय रं. सदराच म्हन.”

“मंग बाह्या जरा सैल ठेवा, लई खादाड हाय ती.”

म्हातारा हसला. चहा प्याला, काठी खांद्यावर टाकून एसटीला गेला. जहांगीरनं त्याला विचारलं नाही, की माप कशाला घेतलंत. विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

पुढच्या खेपेपासून त्याला दिसू लागलं की आंब्यापासून वर काम सुरू झालंय. बाजीच्या नातीचं, सुप्रियाचं लग्न वैशाखात धरलं होतं. कामथडीचं स्थळ होतं, लग्न तिकडेच व्हायचं. म्हाताऱ्यानं निश्चय केला होता की ही पोरगी चपला हातात घेऊन उतरणार नाही. दारातून गाडीत बसेल. सगळी चढण दगडानं भरून काढायला अकरा घरांचे हात पुरे पडणार नव्हते, म्हणून त्यांनी दोनच ओळी घातल्या. डाव्या चाकाखाली एक, उजव्या चाकाखाली एक. प्रत्येक ओळ टायरपेक्षा जेमतेम बोटभर रुंद, मध्ये नुसती माती. ओघळाच्या बाजूला खालून दगडाची पौळ रचून कड धरलेली. चार महिने सगळा वाडा जनावरं राखून उरलेल्या वेळात दगड वाहत होता. जहांगीर दर आठवड्याला आंब्याखाली गाडी लावून वर बघायचा. ओळी लांबत चालल्या होत्या.

“यील ना रं गाडी?” बाजी विचारायचा.

“न यायला काय झालं?” जहांगीर तिथूनच एक नजर टाकायचा. “बसती बरोबर. पोरगी दारातनं नेणार, शब्द हाय माझा.”

त्या दगडांवरून तो एकदाही चालून बघायला गेला नाही.

सुपारी फुटली त्या दिवशी पाहुण्यांना कामथडीहून जहांगीरनंच आणलं. परतताना नवऱ्या मुलाचा चुलता गाडीच्या फाळक्याला टेकून नाकाला रुमाल लावत म्हणाला, “नवरी पण ह्याच बोकडाच्या गाडीतनं का?” चार माणसं हसली. जहांगीरही हसला. पण भोरपर्यंत तो दोन्ही काचा खाली करून आला. घरी आल्यावर त्यानं गाडी दोनदा धुतली. पत्र्यात मुरलेला वास काही जात नव्हता. टायर तर गुळगुळीत झालेच होते, बदलायला आले होते. तिथून त्याच्या डोक्यात चाकं शिरली.

कामथडीजवळ हायवेला त्याचा भाचा दानिश टायरचं दुकान चालवतो. लग्नाच्या आधी आठ दिवस जहांगीर तिथं गेला. दानिशनं मामूसाठी स्टूल पुसलं आणि आतून एक टायर गडगडत आणला. जुन्याच मापाचा, नायलॉनचा, खोल नक्षीचा.

“हा घ्या, मामू. तुमच्याच डिस्कवर, जुन्या लोखंडी चाकावरच बसतो. दगड म्हणू नका, चिखल म्हणू नका, घोरपडीवानी धरून चढंल. नाहीतर त्याच मापाचा रेडियल घ्या, हायवेला मऊ चालतो. पण तुमचं काम डोंगरात. मी हाच घेतला असता.”

जहांगीरचं लक्ष टायरवर नव्हतं. भिंतीवर चार मॅगव्हील टांगली होती. काळी, कडा चांदीसारख्या घासलेल्या, मध्ये चांदणीसारखे पाच दांडे. त्यांवर रुंद टायर चढवलेले.

“ती कुनाची?”

“ती शोची, मामू. पोरं घेतात.”

“मी म्हातारा झालो व्हय?”

“तसं न्हाई.” दानिशनं डोकं खाजवलं. “रुंद येतात ती. मडगार्डच्या बाहेर दिसतात. ह्या अंगानं दोन बोटं, त्या अंगानं दोन बोटं. तुमच्या त्या वरच्या वाटेला चालतील का, बघून घ्या आधी. माप टाकून या एकदा.”

“चार बोटांनी काय व्हतंय? माझा अंदाज हाय.”

“अंदाज हाय तर हाय,” दानिश म्हणाला आणि जॅक आणायला गेला.

दोन तासांनी जहांगीरची गाडी ओळखू येत नव्हती. ती पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसत होती. जुनी चाकं डिस्कसकट दानिशला दिली. ती दुसऱ्याच दिवशी विंझरच्या पेंडवाल्या रखमाजीनं नेली, हे जहांगीरला नंतर कळलं.

रुकसाना दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली. “छान दिसते. पण बाजीनानांना विचारलंत का?”

“त्यात काय विचारायचंय? त्यांच्याच पोरीसाठी केलंय.”

त्यानं गाडी तिरपी लावून फोटो काढला आणि मोबाईलवर स्टेटस ठेवलं. खाली लिहिलं, ‘सुप्रियाच्या लग्नासाठी आपली गाडी तयार.’ संध्याकाळपर्यंत त्यानं तीनदा बघितलं की कुणीकुणी पाहिलं. त्यात सुप्रियाचं नाव होतं. त्याला बरं वाटलं. कामथडीच्या चुलत्याचंही होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला जास्त बरं त्याचंच वाटलं.

त्या आठवड्यात लग्नसराईच्या भाड्यांमुळे त्याला वर जाता आलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी भांडी, मांडवाचं कापड आणि शिध्याची पोती भरून तो निघाला. विंझरला रखमाजीच्या पेंडीच्या दुकानासमोर त्याची मळकी पिकअप उभी होती, आणि तिच्याखाली जहांगीरची जुनी चाकं. आपला टाकलेला सदरा दुसऱ्याच्या अंगात दिसावा तसं वाटलं त्याला. त्यानं मुद्दाम हॉर्न दिला. रखमाजीनं कपाळावर हात आडवा धरून नव्या चाकांकडे पाहिलं आणि तोंडात बोटं घालून शिट्टी मारली.

आंब्याखाली गाडी लावून जहांगीरनं पुन्हा हॉर्न दिला. एरवी पोरं धावत यायची. आज कुणी आलं नाही. वरून दगडावर दगड पडल्याचा आवाज येत होता. हळदीच्या दिवशी? तो चढण चढू लागला, आणि दहाव्या-बाराव्या पावलाला थांबला.

ओघळाच्या बाजूची कड लोकांनी उपसून काढली होती. चार महिने रचलेले दगड एकेक काढून बाहेर सरकवत होते, खालून नवी पौळ उभी करत होते. वाड्यातली झाडून सगळी माणसं त्या उतारावर होती. सुप्रियाची आई मंगल डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर दगड घेऊन येत होती. कोपरापर्यंत हात हळदीनं माखलेले. काल भरलेला हिरवा चुडा, त्यावर दगडाची धूळ. नवरीच्या आईनं आज मांडवात असायचं. तिनं दगड खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि जहांगीरला बघून हसली.

“आलात, दादा? चहा घ्या वर जाऊन. सासूबाईंनी ठेवलाय.”

“ह्ये काय चाललंय?”

“वाट जरा रुंद करतोय.”

बाजीनाना कडेला बसला होता. मांडीवर तीच काठी. तिच्यावरच्या दोन खाचा आता काळवंडल्या होत्या. दुसऱ्या खाचेच्या पुढे चार बोटांवर तिसरी खाच होती, पांढरी, ताजी.

“सुप्रीनं फोटू दाखवला,” बाजी म्हणाला. “झ्याक दिसत्यात रं चाकं. फोटूवरनं काय माप कळत न्हाई, अंदाजानं पाडली खाच. आता गाडी आलीच हाय तर मोजू दे की.”

आणि तो उठला. गुडघ्यावर हात टेकत, दगड चुकवत आंब्यापर्यंत उतरला. जहांगीर त्याच्या मागून चालला. म्हातारा दिवाळीनंतर बसला होता तसाच गाडीच्या मागे उकिडवा बसला. काठी आडवी धरली, एक डोळा मिटला. पहिली खाच डाव्या टायरच्या मधोमध. तिसरी बरोबर उजव्याच्या.

“बघ,” बाजीनं वर पाहिलं. त्याचे दोनच दात दिसत होते. “माझा बी अंदाज काय वाईट न्हाई.”

जहांगीरला त्या क्षणी कळलं की दिवाळीनंतर या माणसानं काय मोजलं होतं. सदराच शिवला होता. एका गाडीचा, एकाच गाडीचा, अकरा घरांनी मिळून, दगडाचा. आपण गंमत केली आणि माप दिलं. मग शिवून झाल्यावर अंगच बदलून आलो. त्याची मान आपोआप खाली गेली. खाली बघितलं तर समोर चांदीच्या कडांची चाकं चमकत होती. त्यानं नजर आंब्याकडे नेली. तिथंही सुख नव्हतं.

“फोन का न्हाई केला, नाना?”

“रेंज कुठं असती हितं.” बाजी काठीच्या टोकाशी खेळत राहिला. “सांजपातूर व्हतंय बघ. निम्मं झालंय.”

निम्मं झालं नव्हतं. तिसरा हिस्साही झाला नव्हता. आणि गाडीवानाच्या डोळ्यांना जे दिसतं ते जहांगीरला स्पष्ट दिसत होतं. चार महिन्यांत बसलेली पौळ वेगळी, ह्या आठवड्यात घाईनं रचलेली वेगळी. हिच्यावर भरल्या गाडीचं ओघळाकडचं चाक आलं की कड सुटेल. उद्या सकाळी या गाडीच्या केबिनमध्ये सुप्रिया बसलेली असेल. नाहीतर मग आंब्यापाशी उभं राहायचं, आणि तिनं शालू सावरत, चपला हातात घेऊन खाली यायचं. आई सून म्हणून चढली होती तसंच.

“थांबवा,” तो म्हणाला. “नाना, काम थांबवा. ह्येच्यावरनं गाडी जायची न्हाई. मी जुनी चाकं आनतो.”

“कुठनं?”

“विंझरास्नं. दुपारपातूर येतो. उपसलेलं मीच लावतो परत.”

“आन न्हाई आलास तर?” हे मंगलनं विचारलं. ती उतरून जवळ आली होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. पोटच्या पोरीचा.

शब्द हाय माझा, असं म्हणायला जहांगीरचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो शब्द त्यानं फार वेळा वापरला होता. “येतो, ताई,” एवढंच म्हणून तो सामान उतरवायला लागला. वाकला तेव्हा त्याला मातीत दोन-तीन हिरवे तुकडे दिसले. काचेचे. त्यानं मंगलच्या हाताकडे पाहिलं. तिनं हात पदराखाली घेतला.

विंझरला रखमाजी दुकानाच्या फळीवर पाय सोडून बसला होता, भोवती दोघं-तिघं गिऱ्हाईकं. जहांगीर उतरला.

“या या! पैलवान आले,” रखमाजी म्हणाला. “काय रं, शर्यतीला चाललास का ही चाकं घिऊन?”

“रखमाजी, तुझी चाकं दे मला. उद्यापुरती.”

“माझी?”

“म्हंजी माझीच. जुनी.”

रखमाजीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. “आन माझ्या गाडीला काय विटा लावू?”

“ही लाव.”

“ही? शेणखताच्या गाडीला? म्हशीला पैंजन घातल्यावानी दिसंल की!” गिऱ्हाईकं हसली. “पन का? नव्याला काय झालं?”

“जरा लागत्यात मडगार्डला. टर्नला.”

“कुठं लागत्यात? बघू दे.” रखमाजी उठला, चाकापाशी वाकला, स्टिअरिंग फिरवून पाहिलं. “काय लागत न्हाई. खोटं कशाला बोलतोस माझ्याशी? पंधरा वर्षं गाडी चालवतोय मी पन.”

दुकानात पेंडीचा उग्र गोड वास होता. वरचा पंखा करकरत होता. जहांगीरला वाटलं, गाडीत बसावं आणि सरळ भोरला निघून जावं, कुणाला काही सांगू नये, फोन बंद करावा. कामथडीच्या चुलत्यापुढे त्याला लाज वाटली होती, पण ती वरवरची, धुतली की जाईल अशी. ही वेगळी होती. ही हाडात मुरत होती, पत्र्यात मुरलेल्या वासासारखी.

त्यानं सांगितलं. दिवाळीपासून सगळं. काठी, सदऱ्याची चेष्टा, दगडाच्या दोन ओळी, दानिश म्हणाला होता ते, फोटो, तिसरी खाच. मंगलच्या चुड्याचं मात्र त्याला सांगता आलं नाही. तो बोलत असताना कुणी हसलं नाही. रखमाजीही नाही. संपल्यावर एक गिऱ्हाईक हळूच म्हणालं, “आरारारा.”

“तुझा अंदाज,” रखमाजी म्हणाला. तेवढंच. मग आत वळून ओरडला, “ए, मोठा जॅक काढा रं!” आणि धोतराचा सोगा खोचून स्वतःच पाना घेऊन खाली बसला.

दोघांनी मिळून आठ चाकं काढली, आठ लावली. दुपारचं ऊन रस्त्यावरून वाफेसारखं उठत होतं. शेवटचा नट आवळताना जहांगीरला समोर कासाराचं दुकान दिसलं, दारात हिरव्या बांगड्यांच्या माळा. तो रस्ता ओलांडून गेलाही. कासारानं “माप काय?” विचारलं. जहांगीरनं एका माळेला हात लावला आणि काढून घेतला. बांगड्या नेल्या तर फुटलेल्या आपण पाहिल्या हे तिला सांगितल्यासारखं होईल. तिनं हात पदराखाली घेतला होता तो त्यासाठीच. तो रिकाम्या हातानं परतला.

चारच्या सुमाराला तो आंब्यापाशी पोचला तेव्हा लोक सावलीत बसून होते. बाजी उठला, काठी घेऊन मागच्या चाकांपाशी गेला, खाचा लावून पाहिल्या आणि मान हलवली. मग जहांगीरनं शर्ट काढून फांदीला अडकवला.

सगळा वाडा पुन्हा उतारावर पसरला. दगड लावणं हे काम जहांगीरनं कधी केलं नव्हतं. लांबून सोपं दिसायचं. दगडाला बैठक असते, तोंड असतं. उलटा बसवला की तो डुगडुगतो. बाजी काठी आडवी धरायचा, दुसऱ्या खाचेशी बोट ठेवायचा आणि म्हणायचा, “हितं.” जहांगीर दगड ठेवायचा. “फिरव. आजून. आता बसला बघ.” एकदा त्यानं नजरेनंच दगड ठेवला आणि पुढच्यासाठी वळला, तर बाजीनं काठी लावली. दोन बोटं बाहेर होता. जहांगीरनं तो उचलला आणि परत लावला. त्यानंतर तो प्रत्येक दगडाला काठीची वाट बघत थांबू लागला.

पाचव्या-सहाव्या दगडाशीच त्याच्या तळहाताची साल गेली. बाजीची म्हातारी, कोंडाबाई, चहाची किटली घेऊन आली. त्याच्या हाताकडे बघून तिनं आतून हळद आणली, त्याच्या तळव्यावर दाबली आणि म्हणाली, “नवऱ्या पोरीची उष्टी हळद हाय, चांगली असती.” त्याला मान वर करता आली नाही. कुणीतरी एकदा शिव्या घातल्या असत्या, तर ते सोपं गेलं असतं. पण कुणी घालत नव्हतं. सगळे त्याच्याशी नेहमीसारखंच बोलत होते. करडाला पाजलेलं औषध लागू पडल्याचं सांगत होते, रुकसाना उद्या येणार का विचारत होते. दिवस मावळायच्या आत शेवटचा दगड बसला.

सकाळी आठला गाडी चढली. पुढे बाजी काठी घेऊन उलटा चालत होता, हातानं खुणावत. जहांगीर खिडकीतून मान बाहेर काढून चाकाकडे बघत होता. गुळगुळीत झालेला तो जुना टायर दगडाच्या ओळीवर असा पडत होता, की दोन्ही बाजूंना सारखी जागा उरत होती. एका जागीही कमी नाही, एका जागीही जास्त नाही. चार महिने हे लोक माझीच गाडी डोळ्यांसमोर धरून दगड ठेवत होते, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मान आत घेतली.

दारापुढे गाडी थांबली. बाजीनं चारही चाकांना हळद-कुंकू लावलं, टपावर भंडारा उधळला. पत्र्याला बोकडांचा वास येत होताच. मंगलच्या डाव्या हातात उजव्यापेक्षा दोन बांगड्या कमी होत्या. सुप्रिया रडत केबिनमध्ये बसली. तिच्या पायांत नव्या चपला होत्या आणि त्यांना माती लागली नव्हती. मागं हौद्यात वऱ्हाड चढलं.

उतरण संपून गाडी कच्च्या रस्त्याला लागली तसं तिनं नाक पुसलं आणि आरशात बघून मुंडावळ्या नीट केल्या.

“चाचा, नवी चाकं तुमाला शोभत होती.”

“जाऊ दे, बाय.”

“मला रागावू नका. मीच आज्याला फोटो दाखवला.”

“बरं केलंस की.” गाडी एका खड्ड्यातून हळू काढत जहांगीर म्हणाला, “पन लगेच फोन करायचा मला. आठ दिस व्हते. नाना म्हनले, रेंज नव्हती.”

सुप्रियानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “रेंज व्हती. वरच्या दगडावर असती. मी लावत होते फोन. आज्यानं हातातनं काढून घेतला.”

“का?”

“म्हनला, त्यानं हौसेनं घेतल्यात. आपल्यासाठी घेतल्यात. त्याला लाजवू नगस. आपन वाट सरकवू.”

जहांगीरनं गिअर बदलला. लागत नव्हता, दोनदा बदलावा लागला. मागे हौद्यात बायकांनी गाणं धरलं होतं. विंझर आलं. रखमाजीच्या दुकानासमोर त्याची शेणखताची पिकअप मॅगव्हीलांवर तोऱ्यात उभी होती, आणि दोन पोरं तिच्यापुढे उभी राहून मोबाईलवर फोटो काढत होती. सुप्रियानं ते पाहिलं आणि रडता रडता तिला फस्सकन हसू फुटलं. जहांगीरला हसू आलं नाही, पण तिचं ऐकून थोडं बरं वाटलं.

कामथडीला मांडवाच्या दारात तो चुलता फेटा बांधून स्वागताला उभाच होता. त्यानं गाडी पाहिली, वाकून चाकं पाहिली.

“अरे, हे काय? स्टेटसला दुसरीच चाकं होती की. शेवटी बोकडाचीच गाडी आणलीत?”

चार माणसं हसायला तयार उभी होती. जहांगीर खाली उतरला. हळद लागलेले, साल गेलेले हात त्यानं पाठीमागे नेले, मग पुन्हा पुढे आणले.

“व्हय,” तो म्हणाला. “माप न घेताच आनली व्हती ती चाकं. माझीच चूक.”

चुलता फेटा सारखा करत बाजूला सरला. जहांगीर गाडीच्या दुसऱ्या अंगाला गेला, दार उघडलं आणि नवरीला उतरायला जागा करून दिली.